हरितमाळावरची गाढवं

पालीच्या उत्तरेश्वरला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी 'काका' म्हटलं नव्हतं. मोठ्या माणसांना तो उत्तऱ्या होता, पोरासोरांना गाढववाला होता, आणि धाकटा भाऊ जीवन चिडला की त्याला ज्या जनावराच्या नावानं हाक मारायचा ते वेगळं सांगायला नको. उत्तरेश्वरही काही गोडबोल्या नव्हता. बायकोला, सुंदरबाईला, त्यानं लग्नापासून कधी सरळ उत्तर दिलं असेल तर ते तिलाही आठवत नाही. गाढवांना तो निरगुडीच्या फोकानं हाणायचा आणि हाणताना शिव्या मात्र भावाला द्यायचा. असा माणूस. त्याची कीव करायला बसू नका, त्यानंही कधी कुणाची केली नाही. एकदाच केली, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याच्या घराण्यात गाढवं कधीपासून होती हे देवालाच ठाऊक. बापानं नदीची वाळू वाहिली, विहिरींचा गाळ वाहिला, बीडच्या भट्ट्यांवरच्या विटा वाहिल्या. बाप गेला तेव्हा दोघा भावांत गाढवं वाटली गेली. जीवननं आपल्या वाट्याची मढीच्या गाढवांच्या बाजारात नेऊन विकून टाकली आणि ट्रॅक्टर आणला. त्या दिवशी उत्तरेश्वरनं चार माणसांत सांगितलं होतं, "टॅक्टरला डिझेल लागतंय. माज्या गाढवाला काय बी लागत न्हाई. बगू कोन टिकतंय ते." कोण टिकलं ते पुढं गावानं पाहिलंच. वाळू ट्रॅक्टरनं जायला लागली, विटा टेम्पोनं, गाळ जेसीबीनं. उत्तरेश्वरच्या वाट्याला उरली ती बोळकांडीतली कामं, जिथं चाक शिरत नाही. पडक्या भिंतीची माती, संडासाच्या खड्ड्याची माती. जीवन जवळून जाताना मुद्दाम हॉर्न दाबायचा. गाढवं बुजायची, गोण्या कलंडायच्या, आणि पारावरची माणसं हसायची.

पण 'गाढवाला काय बी लागत न्हाई' हे तो बढाई म्हणून बोलला नव्हता. ते अक्षरशः खरं होतं. गाढवाला कुणी चारा घालत नाही. बैलाला कडबा, म्हशीला पेंड, शेळीला पाला. गाढवाला काहीच नाही. दिवसभर ओझी वाहून झाली की पाठीवरचं गोणपाट काढायचं आणि ढुंगणावर एक थाप मारून सोडून द्यायचं. ते आपलं उकिरड्यावर, नाल्याकाठी, बाजार उठल्यावरच्या पालापाचोळ्यात पोट भरतं आणि उजाडता दारात येऊन उभं राहतं. उत्तरेश्वरच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. गाढवापुढं चारा टाकणारा माणूस पालीत दिसला असता तर लोकांनी त्याला आधी हसून घेतलं असतं आणि मग डॉक्टरकडं नेलं असतं.

मग पालीच्या धरणाच्या वरच्या माळावर विजयसिंहदादांनी 'हरितमाळ' काढला.

विजयसिंहदादांचं घराणं राजकारणातलं, माळाची जमीन वाडवडिलांची. जिथं कुसळी गवताखेरीज काही उगवलं नाही तिथं दादांच्या कंपनीनं बंगले बांधायचे ठरवले, आणि तेही साधे नाहीत. निसर्गाला ओरखडा न काढता. भट्टीची वीट वापरायची नाही, तिथलीच माती यंत्रात दाबून उन्हात वाळवायची. सिमेंट नावापुरतं, बाकी चुना. पावसाचा थेंब न् थेंब टाक्यांत. असलेलं एकही झाड तोडायचं नाही, उलट हजारो लावायची. जे सडतं ते कुंपणाबाहेर न्यायचं नाही, तिथंच त्याचं खत करायचं. प्लास्टिक आत आणायचं नाही. आणि डिझेलवर चालणारं वाहन फाटकाच्या आत येऊ द्यायचं नाही. गावाला वाटलं, बिल्डर लोक बोलतात तसंच हेही बोलणं. ते तसं नव्हतं. कंपनीनं यातला एकही शब्द मोडला नाही, हे मी आताच सांगून ठेवतो.

हे सगळं पाळून घ्यायला पुण्याहून रोहिणी मॅडम आल्या होत्या. वय तिशीच्या आतलं, आवाज मऊ, डोक्यावर गवताची टोपी. त्या कुणावर ओरडत नसत. गवंड्यालाही 'अहो-जाहो' करत. चढावर विटा न्यायला त्यांनी आधी बॅटरीची गाडी मागवली होती. ती पहिल्याच चढाला उलटी घरंगळत खाली आली आणि बाभळीला जाऊन टेकली. त्याच दिवशी मॅडमना खालच्या रस्त्यानं चार गाढवं जाताना दिसली.

"काका, तुमची आहेत का ही?" त्यांनी विचारलं.

उत्तरेश्वरनं मागं वळून पाहिलं. काका म्हणजे दुसराच कुणी असावा असं त्याला वाटलं होतं.

अशी त्याची वर्णी लागली. उत्तरेश्वर, सुंदरबाई आणि चार गाढवं. त्यातली भुरी ही सगळ्यांत थोरली, समजूतदार, पुढं चालणारी. ती चालली की बाकीची तीन मुकाट मागं. महिन्याभरात हमरस्त्यावर भला मोठा फलक लागला. त्यावर भुरीचा फोटो, पाठीवर विटा, मागं धरणाचं निळं पाणी, आणि खाली 'धूर नाही, डिझेल नाही'. उत्तरेश्वर स्वच्छ कपडे घालून फलक बघायला गेला. भुरी तोंडभरून दिसत होती. त्याचा स्वतःचा फक्त हात आला होता, दोरी धरलेला. तरी त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो हात दाखवला.

आणि एक दिवस खुद्द विजयसिंहदादा माळावर आले. भुरीच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "उत्तरेश्वर, उन्हाळ्याच्या शेवटाला समिती येणार हाय. त्यांनी आपल्याला हरित म्हणून मानांकन दिलं, की पुढची साईट घाटनांदूरला. तिथं पन्नासेक गाढवं लागतील. मुकादम कोण? तूच. फक्त तोवर ही चार नीट ठेव."

आता बीड जिल्ह्यात मुकादम म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. ऊसतोडीला टोळ्या नेणारा मुकादम गावात आला तर पारावरची माणसं सरकून जागा देतात. उत्तरेश्वरनं आयुष्यभर जागा दिली होती, त्याला कुणी दिली नव्हती. त्या संध्याकाळी तो मुद्दाम जीवनच्या दारावरून गेला. जीवन ट्रॅक्टरखाली पडून कसला तरी नट आवळत होता.

"का रं, डिझेल भरलंस का?" उत्तरेश्वरनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेला. त्या रात्री तो घरात गाणं गुणगुणत होता, असं सुंदरबाई सांगते.

घोटाळा झाला तो भुरीच्या पोटापायी. सवयीप्रमाणं काम सुटल्यावर गाढवं फाटकातून खाली पालीच्या उकिरड्यावर जायची. एकदा सकाळी बंगला बघायला पुण्या-मुंबईकडची मंडळी आली होती, आणि त्यांच्यासमोर भुरी तोंडातून गुलाबी कॅरीबॅग लोंबकळत ठेवून माळ चढून आली. एवढ्यावर भागलं नाही. तिच्या मागच्या गाढवानं पाहुण्यांच्या पुढ्यातच लीद टाकली आणि त्या लिदीत प्लास्टिकचे तुकडे चमकत होते. एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी उत्तरेश्वरला बाजूला घेतलं.

"काका, आपली साईट प्लास्टिकमुक्त आहे ना? मग प्लास्टिक यांच्या पोटातूनही यायला नको. आजपासून ही आतच राहू देत."

"आत खातील काय, म्याडम?"

"ते तुम्ही बघा ना. जनावरं तुमची आहेत."

आत खायला काय होतं? माळाचं कुसळी गवत विटांसाठी माती काढताना निघून गेलं होतं. उकिरडा नव्हता, कारण कचराच नव्हता. एवढी स्वच्छ जागा गाढवाच्या जातीनं कधी पाहिली नसेल. होती ती रोपं. जांभूळ, करंज, कडुनिंब, प्रत्येकाला काठी, प्रत्येकाला ठिबकची नळी. पहिल्याच रात्री चार गाढवांनी करंजाच्या ओळीची ओळ साफ केली. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. "झाडं बोलू शकत नाहीत काका," त्या म्हणाल्या. "म्हणून त्यांच्या बाजूनं आपणच बोलायचं असतं."

झाडांच्या बाजूनं बोलून झाल्यावर मुसकी आली. औताच्या बैलाला पिकात तोंड घालू नये म्हणून घालतात तशी, काथ्याची, जाळीदार. काम सुटलं की चौघांच्या तोंडाला बांधायची आणि पहाटे काढायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उत्तरेश्वर त्यांना कुंपणाच्या बाहेरच्या उतारावर न्यायचा, राखणीला स्वतः उभा राहून, प्लास्टिकला तोंड लावू न देता. ऐन उन्हाळ्यात त्या उतारावर दगड होते, आणि दगडांच्या सावलीला आणखी दगड होते.

सुंदरबाईनं विषय काढला. "अवो, चार पेंढ्या कडबा आणा की. भाऊजींच्या ट्रॉलीत रोज येतोय. बरगड्या दिसाय लागल्यात जनावराच्या."

"गाढवाला कडबा?"

"मग कावून न्हाई? पोट हाय की तिला."

"लोक हसतील. जीवन्या तर गावभर सांगंल, उत्तऱ्यानं गाढवाला गव्हाण बांदली म्हनून. आन् आनायचा तो जीवन्याच्याच ट्रॉलीतून? तुजं डोकं ठिकानावर हाय का?" तो म्हणाला. "गाढव हाय ते. त्याचं त्याला कळतंय. आपल्या बापजाद्यांनी कदी घातला न्हाई चारा, एक तरी गाढव उपाशी मेलं का?"

मेलं नव्हतं, हे खरंच होतं. पण बापजाद्यांच्या गाढवांच्या तोंडाला मुसकी नव्हती. एवढी साधी गोष्ट उत्तरेश्वरच्या ध्यानात आली नाही, किंवा आली असेल तर त्यानं ती जीवनच्या हसण्याच्या भीतीपोटी गिळून टाकली. मला विचाराल तर गिळलीच. तो काही एवढा खुळा नव्हता.

गाढवं वाळत गेली. भुरीच्या मणक्यावर गोणपाट घसरायला लागलं. चढाच्या मध्यावर ती थांबायची, फोक बसला तरी थांबायची, आणि उत्तरेश्वर आणखी हाणायचा, कारण वरून तानाजी गवंडी 'माल आण बे' म्हणून कोकलत असायचा. समिती यायला आठवडा उरला तेव्हा मॅडमच्याही लक्षात आलं. त्या भुरीपुढं उभ्या राहिल्या, टोपी मागं सारली आणि म्हणाल्या, "बारीक दिसतायत हो. समितीला बरं नाही वाटणार." उत्तरेश्वरच्या मनात क्षणभर आशा आली, की आता कंपनीच काही तरी खायला घालील, म्हणजे आपली लाजही राहील. दोन दिवसांनी बीडच्या शिंप्याकडून चार हिरव्या झुली शिवून आल्या. जाड खादीच्या, कडेला पांढरी नक्षी, आणि दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत 'हरितमाळ'. त्या घातल्यावर बरगड्या झाकल्या गेल्या. भुरी नवरीसारखी दिसत होती, असं मॅडम म्हणाल्या.

आता कुंपणाचं सांगायला हवं. माळाभोवती तारा होत्या आणि तारांना लागून कण्हेर होता. बीडच्या नर्सरीतला इलियास माळी तो लावायला आला होता. मॅडमनी कण्हेर निवडला तो विचार करूनच. त्याला पाणी कमी लागतं, उन्हात टिकतो, बारमाही फुलतो, आणि विषारी असल्यामुळं कुठलंही जनावर त्याला तोंड लावत नाही. खालच्या वस्तीतल्या शेळ्या तेवढ्यानं बाहेर राहतात. कण्हेर म्हणजे काय हे पालीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाढवांनाही ठाऊक होतं. इतके दिवस पोटात आग पडूनही मुसकी काढल्यावर त्यांनी त्या कुंपणाकडं मान वळवली नव्हती.

समितीसाठी इलियासनं कुंपण कातरून सरळ केलं. छाटलेला पाला त्यानं खताच्या खड्ड्याजवळ ढीग करून ठेवला, वर रोपांच्या आळ्यांतून खुरपलेलं गवत पडलं, आणि दोन दिवसांच्या उन्हात सगळं मिळून वाळून गेलं. जाताना तो उत्तरेश्वरला म्हणाला, "उत्तरेश्वरभाई, उसमें कनेर है. जनावर दूर ठेवा जरा."

"आरं, गाढव हाय ते," उत्तरेश्वर हसला. "कडू लागलं की थुकतंय. मानूस थोडंच हाय, कडू असून गिळायला?"

इलियासनं खांदे उडवले आणि सायकल काढली.

त्या संध्याकाळी काम सुटलं. दिवसभर वरच्या बंगल्याच्या विटा चढवल्या होत्या. उत्तरेश्वरनं भुरीच्या पाठीवरून झूल काढली, खालचं गोणपाट काढलं, तर गोणपाटाला कातडं चिकटून आलं. भुरी हलली नाही. त्यानं मुसकी घेऊन तिच्या तोंडापुढं धरली. रोज ती मान झटकायची, मागं सरकायची, एकदोनदा चावायलाही आली होती. त्या दिवशी तिनं आपणहून मान पुढं केली आणि तोंड मुसकीत घातलं.

उत्तरेश्वरला काय झालं ते त्याचं त्याला कळलं नाही. बाप मेला तेव्हाही तो रडला नव्हता. तिथं मात्र तो मटकन खाली बसला आणि घशातून कसलासा आवाज काढत राहिला. मग उठला. चौघांच्याही मुसक्या काढून त्यानं लांब भिरकावून दिल्या. रोपांच्या बाजूला त्यानं दोरी ताणून बांधली, म्हणजे मॅडमची झाडं शाबूत राहतील. आणि गाढवांना खताच्या खड्ड्याकडं वळवून, थाप न मारता, नुसता हात फिरवून म्हणाला, "जावा. खावा. कुनी काय म्हनत न्हाई."

तो ढीग कुणाला नकोच होता. नको असलेलं खाऊनच गाढवं जगत आली होती. त्यात कण्हेर आहे हेही त्याला माहीत होतं, आणि गाढव तो वेचून बाजूला टाकील हेही त्याला पक्कं माहीत होतं. ओला असता तर टाकलाही असता. वाळल्यावर त्याचा कडवटपणा मरतो, विष मरत नाही. आणि महिनाभर उपाशी असलेलं जनावर वेचत बसत नाही. त्यानं घरी जाऊन सुंदरबाईला सांगितलं, "आज पोट भरून खात्यात." ती इतकी खूश झाली की तिनं त्याला न मागता दुसरी भाकरी वाढली.

सकाळी तिघं आडवी झाली होती. पाय ताठ, तोंडाला फेस, मागं घाण. भुरी उभी होती. चारी पाय फाकून, थरथरत, ढिगाकडं तोंड करून. उत्तरेश्वरनं तिला पाणी दाखवलं, गुळाचं पाणी दाखवलं, कपाळाला कपाळ लावलं. सुंदरबाई पालीला धावली. जनावरांचा डॉक्टर लांबच्या गावात म्हशीच्या बाळंतपणाला गेला होता. गाढव आहे म्हटल्यावर त्यानं फोनवरच 'बघतो' म्हटलं. ऊन चढलं तशी भुरी गुडघ्यावर आली, मग कुशीवर. उत्तरेश्वर तिच्या कानात सारखा एकच म्हणत होता, "ऊठ गं. चल गं. मुकादम हाय म्या तुजा."

मॅडम आल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. त्यांनी टोपी काढली होती. पण दुसऱ्या दिवशी समिती होती.

एव्हाना बातमी खाली पोचली होती आणि फाटकाशी जीवनचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. हॉर्न न वाजवता. जीवन उतरून तारेला धरून उभा राहिला. "आण्णा," तो म्हणाला, "फाटक उघडाय लाव. ट्रॉलीत घालून नेतो. नदीकडं पुरू."

उत्तरेश्वरनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. "काका, डिझेल आत नाही येऊ शकत, आजच्या दिवशी तर नाहीच. आणि आपला नियम आहे ना, जे जैविक आहे ते बाहेर जात नाही. करंजाची जी ओळ गेली होती ना, तिथंच... म्हणजे झाडांनाही उपयोग होईल."

"म्याडम गेली चुलीत," जीवन ओरडला. "आण्णा, मी तारा तोडून आत येतो!"

"येऊ नगं," उत्तरेश्वर म्हणाला.

त्याला वाटत होतं, समिती उद्यावर आहे, दादांनी शब्द दिलाय, घाटनांदूरला पन्नास गाढवं लागणार आहेत. चार गेली तरी मुकादमकी जात नाही. चार प्रेतांच्या मधोमध उभा राहून तो हा हिशेब करत होता. जीवननं ट्रॉलीतली कुदळ आणि पहार तारेवरून आत टाकली आणि निघून गेला.

जेसीबी डिझेलवर चालतो, म्हणून खड्डा हातानं. माळाचा मुरूम उन्हाळ्यात लोखंडासारखा असतो. उत्तरेश्वर पहार मारत होता, सुंदरबाई टोपल्यानं माती काढत होती. संध्याकाळी भुरीला ओढताना सुंदरबाईच्या हातातून दोरी सुटली आणि भुरीचं डोकं दगडावर आपटलं, तेव्हा ती 'अगं माय' म्हणाली, तेवढंच. चौघांवर माती लोटली. इलियासनं येऊन वर करंजाची नवी रोपं लावली, आळी केली, ठिबकची नळी जोडली. तो मान वर करून बघत नव्हता. "मैं बोला था," एवढंच पुटपुटला.

दादा आले ते दिवेलागणीला. उत्तरेश्वर समोर उभा राहिला, हात मातीनं भरलेले.

"दादा, ते घाटनांदूरचं..."

"मुकादम व्हायला गाढवं लागतात, उत्तरेश्वर," दादा म्हणाले. "कुठायत?" मग म्हणाले, "उद्या समितीला चालू काम दाखवायचं हाय. वरच्या बंगल्याची भिंत चढली पाहिजे. डिझेल आत येणार नाही म्हणजे नाही. तू हाय, वहिनी हाय. उद्याचा दिवस निभावून ने, मग बघू."

'मग बघू' या शब्दांवर माणूस किती ओझं उचलतो हे उत्तरेश्वरकडं बघून कळावं.

आणि त्या झुली. चार नव्याकोऱ्या झुली खुंटीवर होत्या. वाया घालवणं कंपनीच्या तत्त्वात बसत नव्हतं. मॅडमनी सुंदरबाईला हळूच विचारलं, तुम्हाला शिवता येतं ना. सुंदरबाईनं रात्री त्यांतल्या दोन मधोमध गळ्याएवढ्या कापल्या, कडा दुमडून टाके घातले आणि दोन बंड्या केल्या. उरलेल्या दोन झुलींच्या घड्या झाल्या, पाठीवर ओझ्याखाली घालायला. एका बंडीला आतून भुरीचे केस चिकटले होते. ती तिनं स्वतःसाठी ठेवली.

समिती आली. तीन माणसं, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ प्रमुख. त्यांनी टाक्या पाहिल्या, वाळलेल्या विटा हातात घेऊन पाहिल्या, खताचा खड्डा हुंगून पाहिला. चांगली माणसं होती, चहा घेतानाही कागदी पेला नको म्हणाली. चढावर त्यांना उत्तरेश्वर आणि सुंदरबाई भेटले. पाठीवर विटांची गोणी, कपाळाला तिचा पट्टा, अंगात हिरव्या बंड्या आणि त्यांच्या दोन्ही कुशींवर 'हरितमाळ'.

"फोटोत गाढवं होती ना?" दाढीवाल्यांनी विचारलं.

मॅडम काही बोलायच्या आत उत्तरेश्वरनं गोणी खाली ठेवली. त्याला बोलू नको म्हणून बजावलं होतं. पण रात्रभर त्यानं एकच ठरवलं होतं, की कुणी विचारलंच तर सांगायचं. खरं कळलं की मोठी माणसं काही तरी करतील, निदान दादांना बोलतील. त्याचा आवाज फाटला होता.

"मेली, सायेब. समदी मेली. हितं कायबी खायाला नवतं. तोंडं बांदली हुती त्यांची. मंग कण्हेर खाल्ला आन् मेली. म्याच सोडलं त्यांना. म्याच मारली."

विजयसिंहदादा दुसरीकडं बघत होते. दाढीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं.

"मग त्यांना नेलं कुठं? बाहेर टाकलं?"

"न्हाई. तितं पुरली." उत्तरेश्वरनं हात केला. "झाडांखाली. आमीच खड्डा खनला, हातानं."

दाढीवाले करंजाच्या त्या ओळीकडं बघत राहिले. रात्रीच्या पाण्यानं रोपं टवटवीत झाली होती. मग त्यांनी आपल्या माणसांकडं वळून हळू आवाजात म्हटलं, "बघा. यंत्र आणलं नाही, बाहेर टाकलं नाही. मातीतलं मातीला दिलं. हे शिकवून येत नाही हो, हे यांच्या रक्तातच असतं." आणि पुढं होऊन त्यांनी उत्तरेश्वरपुढं दोन्ही हात जोडले.

उत्तरेश्वर त्या जोडलेल्या हातांकडं बघत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला नमस्कार करत होतं. सांगण्यासारखं जे होतं ते सगळं त्यानं सांगून टाकलं होतं.

"आरं, माल आण बे!" वरून तानाजी गवंडी ओरडला. "चुना वाळाय लागला!"

सुंदरबाई आधी वाकली. तिनं नवऱ्याच्या गोणीचा पट्टा उचलून त्याच्या कपाळाला नीट लावून दिला, मग आपला सारखा केला, आणि चढ चढायला लागली. तो तिच्या मागं गेला.

हरितमाळाला मानांकन मिळालं. त्याची पितळी पाटी फाटकाला लावली आहे. घाटनांदूरचं काम सुरू झालं तेव्हा तिथं मुकादम म्हणून दादांच्या मेहुण्याची वर्णी लागली, आणि गाढवं काही लागली नाहीत. पालीहून दोन माणसं नेली होती, ती चढावर चांगली चालतात म्हणून.